सारस : निरंक

सारसाची जोडी नव्या नवरा-नवरीला दाखवावी, संसार चांगला होतो, असं कुणीतरी आमगावच्या एका गुरुजींना सांगितलं होतं. गुरुजी एका सकाळी मुलाला आणि नव्या सुनेला जीपमध्ये घालून माझ्या बोडीच्या तळ्यावर हजर झाले. सून रायपूरकडची, हिंदी बोलणारी, हातभर बांगड्या. मी वनरक्षक, अंगात खाकी, तेव्हा पाखरं दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून मी बोट केलं. जोडी समोरच होती, पण ती दोघं मिळून तिसऱ्या एका सारसाला बदडत होती. पंख पसरून, चोची रोखून, चिखलातून त्याला पळव पळव पळवत होती.

"ये किसको मार रहे हैं?" सुनेनं विचारलं.

"अपने बेटे को," मी म्हटलं.

गुरुजींना लगेच चहाची आठवण झाली आणि त्यांनी जीप वळवायला लावली.

लोक म्हणतात, सारस म्हणजे प्रेम. असेल बापा. नोकरीची उमेदीची वर्षं मी त्या पाखरांच्या मागे चिखल तुडवण्यात घालवली आणि मला त्यांच्यात सगळ्यात आधी दिसला तो मत्सर. तो ओळखायला मी चुकत नाही, कारण आमची जुनी ओळख आहे. ओळख करून देणाऱ्याचं नाव पटले.

पटले आणि मी एकाच भरतीतले. नव्व्याण्णव साली दोघांनाही गोंदिया जिल्ह्यातच नेमणूक मिळाली आणि बीटही शेजारी शेजारी मिळाले. बीट म्हणजे एका वनरक्षकानं राखायचा इलाखा. आमच्या दोघांच्या बीटांमध्ये एक नाला होता. नाल्याच्या पलीकडे पटलेचा जुना, मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव. भर उन्हाळ्यातही त्यात पाणी, पाण्यात कमळं, काठाला देवधानाचं गवत. अलीकडे माझ्या वाट्याला एक बोडी. धानाला पाणी मिळावं म्हणून शेतकरी शेताच्या माथ्यावर पाणी अडवतो, त्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. ही बोडी कवडू नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावरची. होळी आली की ती तळ दाखवायची.

मी लावलेली रोपं गाई खायच्या, त्यानं लावलेली जगायची. साहेब पाहणीला आले की त्याच्या बीटात चितळांचा कळप रस्ता ओलांडायचा आणि माझ्या बीटात साहेबांच्या गाडीचं चाक फसायचं. माणूस वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं. पण तो नेमका भला निघाला. माझी सायकल पंक्चर झाली की मोटारसायकलवरून मला घरापर्यंत सोडायचा, आणि वाटभर आपल्या तलावाबद्दल बोलायचा.

आमच्या विहारात भंतेजी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा समजावून सांगत. मुदिता म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून आपल्याला होणारा आनंद. माझी आई म्हणायची, बाकीच्या तिन्हींत पोरगी पास होईल, मुदितेत काही खरं नाही. पटले शेजारी असेपर्यंत माझाही इलाज नव्हता.

आता सारसाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणसाच्या उंचीचा, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा हा पक्षी. उडणाऱ्या पाखरांत एवढं उंच दुसरं नाही. तो जंगलात राहत नाही, धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, आणि तलावाच्या उथळ पाण्यात राहतो. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, पाणी मच्छीमार सोसायटीचं, वरून जाणारी तार वीजवाल्यांची आणि पाखरू सरकारचं. जंगलात वनरक्षकाला काठी पुरते. सारसाच्या कामात बोलून बोलून तोंड दुखतं.

बाकी जिल्ह्यात इकडे तिकडे सारस होते, पण आमच्या नाल्याच्या दोन्ही अंगांना मिळून एकच जोडी. नराच्या मानेच्या खाली एक पांढरट पीस कायम उलटं उभं असायचं, त्यावरून तो ओळखू यायचा. ही जोडी कोणाची, यावरून आमचं सुरू झालं.

मोजणी पावसाळ्याच्या तोंडाशी होते. पाणी आटलेलं असतं, पाखरं उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर गोळा होतात, मोजायला सोपी जातात. सकाळी प्रत्येकानं आपापल्या पाणवठ्यावर उभं राहायचं आणि दिसतील तेवढे सारस लिहायचे. पहिल्या वर्षी पटलेनं उजाडतानाच तलावात झोपेतून उठणारी जोडी पाहिली आणि दोन लिहिले. ऊन चढल्यावर तीच जोडी नाला ओलांडून माझ्या बोडीच्या ओल्या गाळात कंद उकरायला आली. मी दोन लिहिले. दोघांनीही खरं लिहिलं होतं आणि मिळून खोटं झालं होतं. बैठकीत सारस वाढल्याबद्दल आमचं कौतुक झालं. मी आणि पटले शेजारी बसून दोघंही मान खाली घालून हसलो, दोघांनाही वाटलं, दुसऱ्याकडे वेगळी जोडी आहे.

साहेबांच्या मनात मात्र शंका आली. कागदावर पाखरं वाढली तर दिसायला का वाढत नाहीत, असं त्यांनी विचारलं, आणि पुढच्या मोजणीला सगळ्यांनी एकाच वेळी, उजाडतानाच मोजायचं, नंतर आलेलं पाखरू धरायचं नाही, असं ठरवलं. मी बोडीच्या पारीवर, तिच्या मातीच्या बंधाऱ्यावर, उभी राहिले. पलीकडून तलावातून जोडीची हाक ऐकू येत होती. आधी नराची लांब, तिच्यात मिसळून मादीच्या दोन छोट्या. हाक ऐकू येते म्हणून सारस लिहिता येत नाही. मी कागदावर लिहिलं : निरंक.

सरकारी कागदावर शून्य लिहीत नाहीत. शून्याच्या आधी कुणी आकडा जोडला तर पंचाईत, म्हणून निरंक लिहायचं. चांगला संस्कृत शब्द आहे. पण एका पाखरासाठी तो हातानं लिहावा लागला की तो आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. पटलेनं माझा कागद पाहिला आणि माझी समजूत काढली.

"होते कधी कधी, मेश्राम मॅडम. मनाले लावून नका घेऊ."

ही समजूत मी अजून विसरलेले नाही.

त्याच पावसाळ्यात मात्र नशीब फिरलं. तलावात मासेमारीची वर्दळ वाढली होती, डोंगे सारखे फिरत होते. जोडीनं नाला ओलांडला. धानाची रोवणी आटोपल्यावर एका सकाळी कवडू माझ्या क्वार्टरच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा आंबट.

"मॅडम, तुमचं पाखरू माझ्या बांधीत गंजी रचून राहिलं."

मी चप्पल घालायचीही विसरले. बोडीच्या खालच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात, धान आणि गवत उपटून जोडीनं मोठा ढीग घातला होता. वर दोन अंडी. मादी बसलेली, नर धुऱ्यावर पहाऱ्याला. नुकती लावलेली बांधी आजूबाजूनं पार तुडवली गेली होती. कवडूनं मला सरळ प्रश्न केला, पाखरू कोणाचं. मी म्हटलं, सरकारचं. तो म्हणाला, मग सरकारनं आपल्या बांधीत ठेवावं, माझे धान कायले लोळवते. त्याचं चुकत नव्हतं. उत्तर दिलं ते त्याच्या बायकोनं, यमुनाबाईनं. ती मागून धुऱ्यावरून चालत आली आणि घरट्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाळंतपणाले आली ते," ती म्हणाली. "बाळंतिणीले हाकलते का कोणी?"

विषय संपला. कवडूनं त्या बांधीत निंदणही केलं नाही. यमुनाबाई रोज लांबूनच पाहून जायची आणि येताना पोरांना हाकलत यायची.

बातमी नाल्यापलीकडे पोचली तेव्हा पटलेच्या गावची चार माणसं भांडायला आली. सारस आमच्या तलावचा, तुम्ही फूस लावून नेला, असं त्यांचं म्हणणं. पटले त्यांच्या मागे उभा होता, समजूत घालायला आल्यासारखा. यमुनाबाईनं कमरेला पदर खोचला आणि सांगितलं की राहणं तुमच्याकडचं असन, तिचं माहेर इकडचं आहे. माणसं हसली आणि परत गेली. पटले हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा ते पाहिलं, जे मला रोज आरशात दिसत होतं. तो दिवस आठवला की मला आजही बरं वाटतं.

अंडी दोन असली तरी पिल्लू एकच वाढलं. दुसरं फुटून बाहेर आलं आणि आठवड्याच्या आत कुत्र्यांनी नेलं. गावात लोक मला विचारायचे, मॅडम, दर साली दोन अंडी देते तर एव्हाना जिल्हा सारसांनी भरून जायला पाहिजे होता. आम्हा नोकरीवाल्यांनाही सुरुवातीला तेच वाटायचं. काही अंडी कावळे फोडतात, काही पिल्लं कुत्री-कोल्हे नेतात, काही मोठी झाल्यावर तारेला लागून मरतात. पण ही सगळी संकटं टळली तरी सारस एका हद्दीपलीकडे वाढत नाहीत. एका जोडीला एक बोडी आणि भोवतालचा शांत तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यात ती दुसऱ्या सारसाला उभं राहू देत नाही, पोटच्या पोरालाही नाही. वर्षभर पिल्लाला शेजारी घेऊन फिरवतात, चारतात, आणि पुढच्या पावसाळ्यात घरटं करायची वेळ आली की मारून हाकलतात. मग ती पोरं बिनघराच्या थव्यात फिरत राहतात आणि कुठं जागा रिकामी होते का ते बघत राहतात. गावच्या पंगतीत जेवढी पानं वाढली तेवढेच बसतात, उरलेले मांडवाच्या दाराशी उभे. आमच्या भागात बोड्या बुजत चालल्या होत्या. उरल्यासुरल्यांत बेशरमाची झुडपं माजली होती. म्हणजे पानंच कमी होत चालली होती.

साहेब याला भक्ष्य, भक्षक, धारणक्षमता वगैरे म्हणत आणि फळ्यावर चढती रेघ काढून ती वर जाऊन आडवी करत. मला त्या आडव्या रेघेत पांढऱ्या पिसाचा नर चोच रोखून उभा दिसायचा.

ते पिल्लू गुडघ्याएवढं झालं असताना एकदा कवडूनं निरोप पाठवला की पिल्लू लंगडतं. आईबापाबरोबर ते तलावाच्या काठाला जाऊन आलं होतं आणि मच्छीमारांच्या जाळ्याचा तुटका नायलॉनचा धागा त्याच्या डाव्या पायाला गुंडाळला गेला होता. बोट काळं पडत चाललं होतं. धागा पटलेच्या तलावातला होता, हे त्याला सांगायला मी विसरले नाही. पण आधी पिल्लू धरणं भाग होतं. कवडूनं दुपट्टा टाकला, मी पिल्लाला छातीशी धरलं आणि त्यानं विळ्यानं धागा कापायला घेतला. तेवढ्यात मागून नर आला. त्यानं माझ्या खांद्यावर अशी चोच मारली की वर्दी फाटून आत रक्त आलं. कवडू ओरडला, सोडा मॅडम, फोडन तुमाले. मी सोडलं नाही. धागा निघाला, पिल्लू वाचलं, पण पायाचं बाहेरचं बोट गळून पडलं. यमुनाबाईनं त्याचं नाव लंगडू ठेवलं. खांद्यावरची खूण माझ्याजवळ राहिली. पटले मात्र म्हणाला की मॅडम, धागा काढायच्या आधी फोन करायचा होता, माझ्याजवळ कॅमेरा होता.

सारसाच्या पायाला पुढे तीन बोटं. चिखलात त्यांचा ठसा उमटतो, मागचं बोट नावाला टेकतं. लंगडूच्या डाव्या पायाचा ठसा दोनच बोटांचा. आमच्या कामात पाखरू दिसण्याआधी त्याचा ठसा दिसतो आणि ठशावरून माणूस ओळखावा तसं मी लंगडूला ओळखत होते. म्हणून गुरुजींच्या सुनेनं ज्याला मार खाताना पाहिलं, तो कोण हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसानंतर बोडीच्या गाळात दोन बोटांचा ठसा दिसेनासा झाला.

एवढं सगळं होऊनही मोजणीच्या कागदावर मी निरंकच राहिले. घरटं माझ्या बीटात, बाळंतपण माझ्या बीटात, मार खाल्ला मी. पण पाऊस पडायच्या आधी, मोजणीच्या वेळी, बोडी कोरडी असायची आणि जोडी निजायला पाण्याकडे, म्हणजे पटलेकडे जायची. उजाडताना दोन त्याच्या नावावर. पिल्लू असलं तर तीन. पेपरात तलावाचा फोटो आला, त्यात पटले दुर्बीण लावून उभा. त्या दुर्बिणीतून तो कुठं बघत होता ते मला ठाऊक आहे. माझ्या बोडीकडे.

मग मी हट्टाला पेटले. बोडीत उन्हाळ्यातही पाणी राहिलं तर जोडी पलीकडे जाणार नाही, आणि जागा मोठी झाली तर कदाचित दुसरीही जोडी येईल, असा माझा हिशोब होता. कवडूला पटवलं, गावातल्या बायांना पटवलं. दोन उन्हाळे आम्ही बेशरम मुळासकट उपटला, गाळ काढून शेतात टाकला, बोडी खोल केली. गाळ टाकलेल्या बांध्यांत धान चांगलं आलं म्हणून लोक खूश झाले. काठाला देवधान पुन्हा उगवलं. पटले मदतीला आला आणि फावडं घेऊन दिवसभर राबला. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि तो कधी जातो याची वाट पाहत राहिले.

आणि त्याच हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, मादी बोडीवरून उडताना तारेला लागली. कवडूनं आधी पाहिलं. मी पोचले तेव्हा ती धुऱ्यावर पडली होती आणि नर थोड्या अंतरावर उभा राहून पुन्हा पुन्हा हाक देत होता. ती जोडीची हाक होती, पण अर्धीच. लांब सूर संपला की तो थांबायचा, जिथं तिच्या दोन छोट्या हाका यायच्या तेवढा वेळ. मग पुन्हा. पंचनामा झाला, सगळं रीतसर झालं. पटले न बोलावता आला आणि कवडूच्या शेजारी बसून रडला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं नाही. पाखरू माझ्या बीटातलं होतं. रडायचं होतं तर मी होते. तारांवर चमकत्या चकत्या लावाव्यात म्हणून मी पुढे खूप खेटे घातले. त्या लागल्या, पण उशिरा. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं विचाराल तर हेच.

लोक म्हणतात, जोडीदार गेला की सारस अन्नपाणी सोडून जीव देतो. आमच्या पांढऱ्या पिसाच्या म्हाताऱ्यानं जीव दिला नाही. तो पुढे कितीतरी वर्षं जगला. चांगला खात-पीत होता, आणि बोडीवर कुणाला येऊ देत नव्हता. खोल, साफ, पाणी असलेली बोडी, भोवती देवधान, आणि तिच्यात एकटा उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येक सारसाला पळवून लावत होता. बिनघराच्या थव्यातली तरुण जोडपी यायची, काठाला उतरायची आणि दुपारपर्यंत गेलेली असायची. मी पारीवरून त्याला शिव्या घालायचे. एवढी जागा, दोन जोड्यांचा संसार होईल, तुला एकट्याला कायले पायजे, असं मी त्याला मोठ्यानं विचारलंय. माझ्या मेहनतीचं पान मांडून ठेवलं होतं आणि त्यावर तो उपाशी पाहुण्यासारखा आडवा बसला होता.

आणि त्याच सुमारास मला पलीकडच्या तलावाच्या गाळात ठसा दिसला. उजवा तीन बोटांचा, डावा दोन. शेजारी दुसऱ्या सारसाचे ठसे. लंगडू जोडीदार घेऊन आला होता आणि पटलेच्या तलावावर ठाण मांडून बसला होता. म्हाताऱ्यानं ती बाजू सोडल्यावर तिथली जागा रिकामी झाली होती. माझ्या बांधीत जन्मला, माझ्या छातीशी धरून त्याचा धागा काढला, आणि संसार मांडला तो पटलेकडे. पुढच्या पावसात तलावाच्या वरच्या अंगाला घरटंही झालं. पटलेनं मोठ्या आनंदानं मला दाखवायला नेलं.

"पाहा मॅडम, तुमचा लंगडू," तो म्हणाला.

मी म्हटलं, छान. एका शब्दासाठी मला एवढी ताकद कधी लागली नव्हती.

त्यानंतर लंगडूची जोडी बोडीकडे कधी कधी यायची. जन्मगाव विसरत नसतील. पण म्हातारा बापच तो, त्यानं पोराला पुन्हा तसंच बदडलं. एकदा मी यमुनाबाईजवळ त्याच्या तक्रारी करत होते. म्हटलं, बघा ना, आपल्याला काही होत नाही आणि दुसऱ्याचंही होऊ देत नाही. ती धान पाखडत होती. सूप न थांबवता बोलली.

"तुमच्यासारखाच आहे तो, बाई. पटलेभाऊचं नाव निघालं का तुमचीबी मान तशीच होते."

मी चहा अर्धा सोडून उठले. त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडे गेले नाही. पण बोडीवर गेले की त्या म्हाताऱ्याला शिव्या घालणं मात्र मी बंद केलं.

पुढे माझी बदली झाली, लाकूड डेपोवर, तिरोड्याच्या बाजूला. डेपोत मोजायची ती लाकडं. ती रात्रीतून नाला ओलांडत नाहीत, कुणाला चोच मारत नाहीत, आणि मला त्यांचं काही वाटतही नाही. माझ्या बीटावर नवीन पोरगा आला. मी त्याला बोडी दाखवली, तारा दाखवल्या, कवडू-यमुनाबाईची ओळख करून दिली. पटलेपासून सावध राहा असं सांगणार होते, पण कशापासून सावध, ते मला सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात म्हातारा दिसेनासा झाला. कुठं मेला ते कळलं नाही, पीसही सापडलं नाही. कवडूनं फोनवर सांगितलं तेव्हा मी डेपोच्या ओट्यावर बसले होते. रडू आलं. मादीच्या वेळी आलं नव्हतं ते या खत्रुडासाठी आलं.

मग मोजणीचा दिवस आला. मी डेपोवरच होते, माझा त्या मोजणीशी आता काही संबंध नव्हता. तरी पहाटेपासून माझं लक्ष मोबाइलकडे. ऊन वर आलं तेव्हा पटलेचा फोन आला. आवाजात तोच जुना भलेपणा. म्हणाला, मॅडम, खुशखबर आहे. तुमच्या बोडीत दोन सारस. नव्या पोराला नीट ओळखता येईना म्हणून मी मोजणी आटोपून स्वतः जाऊन ठसा पाहून आलो. डावा पाय दोन बोटांचा. लंगडूच आहे. म्हाताऱ्याची जागा त्यानं घेतली, आता पावसात घरटं तिथंच करते, पाहून घ्या.

मला सगळं लख्ख दिसलं. खोल केलेली बोडी, उन्हाळ्यातही पाणी, काठाला देवधान, आणि लंगडू आपल्या जन्माच्या जागी उभा. माझा हिशोब बरोबर निघाला होता. फक्त तो बरोबर निघायला म्हाताऱ्याला मरावं लागलं आणि मला डेपोवर यावं लागलं. आणि विचार केला तर वाढलं काहीच नव्हतं. नाल्यापलीकडची जोडी अलीकडे आली एवढंच. म्हातारा गेला, म्हणजे आमच्या त्या तुकड्यात एक सारस उलट कमीच झाला होता. साहेबांच्या फळ्यावरची रेघ आडवीच होती. वनरक्षक म्हणून मला वाईट वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही.

पण मी विचारलं, "आणि तुमच्याकडे, पटलेभाऊ?"

तो म्हणाला, तलावाची पार दुरुस्तीला काढली, पाणी सोडून दिलं, पाखरू कसं थांबन.

"ते समजलं. कागदावर काय लिहिलं?"

फोनवर त्याच्या मागे कुठंतरी, बहुतेक बोडीतच, जोडीची हाक झाली. आधी लांब, तिच्यात मिसळून दोन छोट्या. पूर्ण हाक.

"निरंक," पटले म्हणाला.

डेपोवर त्या वेळी एकही ट्रक नव्हता, आरा बंद होता, वारासुद्धा नव्हता. मी मोबाइल या कानावरून त्या कानाला लावला.

"भाऊ, आवाज कटून राहिला," मी म्हटलं. "पुन्हा सांगा बरं."

"निरंक, मॅडम," तो मोठ्यानं म्हणाला. "निरंक."

मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं.